पाणी नितळ, पण दगडाखाली जीव नाही: जंगलातल्या ओढ्याचा दोष कसा शोधायचा

ओढा जंगलातून येतो, वर झाडी आहे, जवळपास कारखाना नाही, पाण्याचा तळ स्पष्ट दिसतो. तरी खळाळातले दगड उलटले की खाली काही नाही. फार तर एखादी लाल अळी आणि दोन-चार बारीक गांडुळं. ओढे तपासणाऱ्या गटांकडून ही तक्रार इतक्यांदा येते की माझा तपासाचा क्रम आता ठरून गेला आहे. तो इथे लिहून ठेवतो.

बहुतेक जण पहिल्याच दिवशी बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत पाठवतात. अहवाल येतो, सगळे आकडे मर्यादेत असतात, आणि गाडी तिथेच अडते. बाटली भरली त्या क्षणी पाणी कसं होतं, एवढंच तो अहवाल सांगतो. दगडाला चिकटून राहणाऱ्या अळ्या मात्र तिथे कित्येक महिने, काही जाती तर वर्षाहून जास्त काळ काढतात. त्या काळात वरून जे काही वाहून आलं, ते त्यांनी सोसलेलं असतं. शिवाय जंगलातल्या लहान ओढ्यात खोट बऱ्याचदा पाण्यात नसतेच, तळात असते. म्हणून माझ्या क्रमात बाटली सगळ्यात शेवटी येते.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसत असतील तर पुढे वाचा:

- खळाळातल्या दगडांच्या खालच्या बाजूला चपट्या, चटकन सरपटणाऱ्या अळ्या नाहीत. सापडलंच तर गांडुळं, जळवा, लाल अळ्या.
- दगड सहज उचलत नाहीत. तळात रुतून बसलेत, ओढून काढावे लागतात.
- पाय टाकला की तळातून गढूळ लोट उठतो आणि बराच वेळ खाली बसत नाही.
- डोह दरवर्षी उथळ होत चाललेत.
- एखाद्या पट्ट्यात लांब तंतूंचं हिरवं शेवाळ दगडांवर पसरलंय.
- पालापाचोळा कुठे अडकतच नाही, किंवा अडकलेला काळा पडून कुजका वास मारतो.
- पाण्यावर तवंग, फेस किंवा नारिंगी गाळ दिसतो. (लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते याला, आणि बऱ्याचदा उगाच.)

१. आधी तारीख आणि जागा तपासा

खर्च शून्य, आणि बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

नुकताच मोठा पूर येऊन गेला असेल तर तळातले दगड गडगडलेले असतात. त्यांच्यावरचे जीव वाहून गेलेले असतात किंवा खाली गोट्यांच्या थरात दडलेले असतात. दोन-तीन आठवडे थांबून पुन्हा बघा. ओढा वर्षातला काही काळ कोरडा पडत असेल तर पाणी परतल्यावर लगेच केलेली तपासणी कामाची नाही. ओल्या थरात टिकलेले जीव, अंडी आणि वरून उडत येणारे प्रौढ कीटक यांना जम बसवायला वेळ लागतो. असे कोरडे पडणारे ओढे आजारी नसतात, त्यांचा स्वभावच तसा असतो.

तिसरी गोष्ट सहज निसटते. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय (दगडाखाली आपण शोधतो त्या चपट्या अळ्या या कीटकांच्याच) यांच्या कित्येक जाती थोड्या दिवसांत एकदम पाण्याबाहेर पडून पंख धारण करतात. त्यानंतर ओढ्यात उरतात ती अंडी आणि डोळ्यांना न दिसणारी बारीक पिल्लं. त्या आठवड्यात गेलात तर ओढा रिकामा वाटणारच. म्हणून तुलना नेहमी त्याच हंगामातल्या जुन्या नोंदीशी करा.

जागेचंही तसंच. सलग कातळावर, डोहाच्या तळाशी किंवा झऱ्याच्या अगदी तोंडाशी शोधू नका. जमिनीतून नुकत्याच निघालेल्या पाण्यात प्राणवायू कमी असू शकतो आणि तिथे मुळातच थोड्या जाती राहतात. घोटा ते गुडघाभर पाणी आणि मुठीएवढे ते डोक्याएवढे सुटे दगड, अशी खळखळती जागा निवडा. निदान वीसेक दगड हळूच उचला, खालची बाजू बघा आणि होता तसाच परत ठेवा. उलटा टाकलेला दगड म्हणजे कुणाचं तरी घर उन्हात टाकल्यासारखं आहे.

२. डोळे आणि नाक

तवंग दिसला तर काडीने ढवळा. लोह वापरणाऱ्या जिवाणूंचा थर असेल तर तो कोनाकोनांचे तुकडे होऊन फुटतो आणि तुकडे वेगळेच राहतात. खनिज तेलाचा तवंग ढवळला तरी पुन्हा एकत्र येतो. जिवाणूंचा तवंग आणि त्यासोबतचा नारिंगी, बुळबुळीत साका जंगलातल्या पाणथळ जागी अगदी नेहमीचा आहे. जमिनीतलं लोह हवेला लागलं की हे होतं. मात्र वर जुनी खाण असेल आणि नारिंगी थर दगडांवर कडक कवचासारखा बसला असेल तर ते प्रकरण निराळं आहे. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

फेसाचंही असंच. कुजणाऱ्या पानांमधून सुटणारी द्रव्यं पाण्याचा पृष्ठताण कमी करतात आणि धबधब्याखाली मळकट, तपकिरी छटेचा फेस तयार होतो. त्याला मातीचा वास येतो. पांढराशुभ्र, सुगंधी फेस असेल तर वर कुठेतरी साबण मिसळतोय.

आता खरी धोक्याची खूण. दगडांवर, काड्यांवर कापसाच्या मळक्या पुंजक्यांसारखे राखाडी तंतू लोंबत असतील तर ती स्फेरोटिलस नावाच्या जिवाणूंची वाढ आहे. सांडपाणी किंवा तत्सम सेंद्रिय घाण सतत मिसळल्याशिवाय ती अशी फोफावत नाही. दगडाखालची रेती काळी असून सडक्या अंड्यांचा वास येत असेल तर तिथला प्राणवायू संपलाय. मात्र डोहातल्या पाल्याच्या जाड थराखाली थोडी काळी रेती असणं चालतं. खळाळात ती असू नये.

३. दगड किती रुतलेत?

माझ्या मते संपूर्ण तपासणीत सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, आणि लोक नेमकं इथेच घाई करतात.

निरोगी खळाळात दगड एकमेकांवर सुटे टेकलेले असतात. मधल्या फटींतून पाणी वाहतं आणि त्यासोबत प्राणवायू खालपर्यंत जातो. त्या फटीच या जिवांची घरं आहेत. पूर आला की ते तिथे शिरतात, उन्हाळ्यात पाणी आटलं की खाली सरकतात, माशांची अंडीही गोट्यांच्या थरात वाढतात. बारीक रेती आणि मातीने फटी भरल्या की हे सगळं एका झटक्यात बंद होतं. वरचं पाणी कितीही शुद्ध असलं तरी उपयोग नाही.

पाणी नितळ का दिसतं, याचंही उत्तर यात आहे. माती वर्षभर येत नसते. ती जोरदार पावसाच्या काही तासांत येते, पाणी तेवढ्यापुरतं लाल-तपकिरी होतं, पाऊस थांबला की माती फटींत बसते आणि वरून स्वच्छ पाणी वाहू लागतं. तुम्ही कोरड्या दिवशी जाता, नितळ पाणी बघता आणि नितळ पाण्याचीच बाटली भरता.

मोजायला महागडं काही लागत नाही. दगड उचलण्याआधी त्याचा किती भाग तळात रुतलाय ते बघा. दगड काढला की रुतलेल्या आणि उघड्या भागातली रेषा रंगावरून कळते. वर शेवाळाची छटा, खाली कोरा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९९ साली सुधारून काढलेल्या जलद तपासणीच्या पद्धतीत दगडांभोवतीचा रुतलेला भाग पाव हिस्स्यापर्यंत असेल तर उत्तम, निम्म्यापर्यंत ठीक, पाऊण हिस्स्यापर्यंत चिंताजनक आणि त्यापुढे वाईट, अशी विभागणी आहे. मी तीच वापरतो, कारण ती आठवायला सोपी आहे आणि दोन माणसांचे अंदाज फार लांब जात नाहीत.

जास्त भरवशाचा आकडा हवा असेल तर दगडमोजणी करा. वोल्मन या भूशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही तशीच चालते. ओढ्यात या काठापासून त्या काठापर्यंत नागमोडी चालायचं, प्रत्येक पावलाला खाली न बघता बुटाच्या टोकाशी बोट टेकवायचं, बोटाला पहिला लागेल तो दगड उचलायचा आणि त्याची मधली बाजू मोजायची: सगळ्यात लांब नाही, सगळ्यात आखूडही नाही. असे शंभर दगड. त्यातले २ मिलिमीटरपेक्षा बारीक किती, हे लिहून ठेवा. खाली न बघण्याची अट महत्त्वाची आहे, कारण बघून उचललं की हात आपोआप सुबक गोट्याकडे जातो.

मग बुटाची चाचणी. खळाळात उभं राहून टाच तळात फिरवा आणि उठणारा गढूळ लोट किती दूर जातो ते बघा. हीच कृती वरच्या, न बिघडलेल्या भागात करा. दोन्हीकडे सारखाच लोट उठला तर माती त्या खोऱ्याचीच आहे. खाली खूप जास्त उठला तर ती मधूनच कुठून तरी शिरते आहे.

४. वर चालत जा, एकदा कोरड्यात आणि एकदा पावसात

दोष सापडतो तिथे क्वचितच असतो, तो वर असतो. नकाशा घ्या, ओढ्याला येऊन मिळणारी प्रत्येक धार, प्रत्येक वाट, प्रत्येक मोरी त्यावर मांडा आणि चालायला लागा. जोडी कराच; ओढ्याच्या पात्रात एकट्याने फिरू नये.

जंगलात मातीचा सगळ्यात मोठा पुरवठादार म्हणजे कच्चा रस्ता. तोडलेल्या झाडांकडे सगळ्यांचं बोट जातं, पण जमिनीवर पालापाचोळा आणि मुळं शाबूत असतील तर माती फारशी हलत नाही. लाकूड ओढून नेलेली वाट, गाडीची चाकोरी, ओढा ओलांडण्याची जागा, जनावरं पाण्यावर उतरतात तो खचलेला काठ: इथे माती दबलेली असते, पाणी मुरत नाही, उतारावरून धावत थेट ओढ्यात येतं. म्हणून ओढा ओलांडणाऱ्या प्रत्येक वाटेच्या वर आणि खाली तिसरी पायरी करा. आकडा जिथे बदलतो तिथे तुमचा चोर.

पावसातली फेरी काठावरून मारायची, पाण्यात न उतरता. मध्यम पाऊस हवा, मुसळधार नको. लहान ओढे फार झपाट्याने चढतात. त्या अर्ध्या तासात जे कळतं ते कोरड्या दिवसांच्या कितीही फेऱ्यांत कळत नाही. एका बाजूने नितळ धार येते, दुसऱ्या बाजूने चिखल येतो, आणि वाद संपतो. फोटो काढून ठेवा, पुढे वाटेच्या मालकाला किंवा वनखात्याला दाखवायला हेच लागतात.

दुरुस्ती इथे बहुतेक वेळा साधी असते. वाटेवरचं पाणी ओढ्यापर्यंत पोचण्याआधीच आडव्या, तिरक्या चरांनी किंवा उंचवट्यांनी बाजूच्या पाल्यात सोडायचं. पालापाचोळा माती गाळून घेतो. जनावरांना उतरायला दगड घातलेली एकच जागा ठेवून बाकी काठ बंद करायचा. ओलांडण्याच्या जागी दोन्ही बाजूंचा चढ दगडांनी पक्का करायचा.

मोरीकडे बघताना आणखी एक गोष्ट तपासा. तिचं खालचं तोंड पाण्याच्या पातळीपेक्षा वर लटकतंय का? तसं असेल तर बरेच मासे आणि झिंगे वर जाऊ शकत नाहीत. मग मोरीच्या वरचा भाग बाकी सगळं ठीक असूनही त्यांच्याविना ओकाबोका राहतो.

५. सावली, पाला आणि पडलेलं लाकूड

जंगलातल्या लहान ओढ्याचं अन्न वरून पडतं. दाट सावलीत पाण्यात फारसं काही उगवत नाही. पानं पडतात, बुरशी आणि जिवाणू ती मऊ करतात, पानं कुरतडणाऱ्या अळ्या ती खातात, त्यांचा चुरा खालच्या भागातल्या गाळून खाणाऱ्यांना मिळतो. १९८० साली व्हॅनोट आणि सहकाऱ्यांनी नदीच्या उगमापासून मुखापर्यंतच्या बदलांची जी मांडणी केली, तिची सुरुवात इथूनच होते.

काठावरची झाडं गेली की दोन्ही बाजूंनी फटका बसतो. पाला कमी होतो आणि ऊन वाढतं. ऊन आणि थोडं खत मिळालं की तंतूंचं शेवाळ माजतं, पाणी तापतं. दोन्ही काठांवर निदान ३० मीटर झाडीचा पट्टा असावा असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. त्याहून अरुंद पट्टाही काही नसण्यापेक्षा बरा, पण तुटक नको. मध्ये एक मोकळी फट असली तर माती आणि ऊन नेमके तिथून शिरतात.

आणि आता जरा रागाने लिहितो: ओढ्याची साफसफाई करताना पडलेले ओंडके, फांद्या, पाल्याचे ढीग काढू नका. प्लॅस्टिक काढा, जरूर काढा. पण ओंडक्यामागे डोह तयार होतो, पाला अडकतो, गोटे थांबतात, मासे लपतात. कित्येक ओढे अशा मोहिमांनंतर एका सरळ, वेगवान नाल्यासारखे झालेले मी पाहिलेत. दिसायला टापटीप, आत काही नाही. मोरी तुंबवणारा किंवा पुलाला धक्का देणारा ओंडका असेल तर तेवढाच सरकवा.

६. जाळी लावा: कोण आहे यापेक्षा कोण नाही ते बघा

इथपर्यंत कारण सापडलं नसेल तर अर्धा मिलिमीटर भोकांची जाळी, पांढरा ट्रे आणि भिंग घ्या. जाळी प्रवाहात धरून तिच्या वरच्या बाजूचा तळ पायाने ढवळा, जे वाहून येईल ते ट्रेमध्ये पाण्यात ओता. प्रत्येक ठिकाणी वेळ सारखीच ठेवा. ब्रिटनमध्ये तीन मिनिटांचा प्रघात आहे. बिघडलेल्या जागी एकदा, वरच्या चांगल्या जागी एकदा. वरची जागा नसेल तर शेजारच्या खोऱ्यातला तेवढाच ओढा घ्या. तुलना नसलेला नमुना म्हणजे नुसती यादी.

ओळख कुळापर्यंत पटली तरी पुरे. मेफ्लायला बहुधा तीन शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले, पायाला एकच नखी. स्टोनफ्लायला दोनच शेपट्या, पोटाच्या बाजूंना तसे कल्ले नाहीत, पायाला दोन नख्या. कॅडिसफ्लायची अळी सुरवंटासारखी, मागच्या टोकाला आकड्यांची जोडी, बऱ्याचदा वाळूच्या किंवा पानांच्या नळीत. ही तिन्ही मंडळी साधारणपणे थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी मागतात.

पण नुसती मेफ्लाय मिळाली म्हणून खूश होऊ नका. ब्रिटनमधल्या जुन्या गुणपद्धतीत प्रत्येक कुळाला १ ते १० गुण होते. त्यात दगडाला चिकटणाऱ्या चपट्या हेप्टाजेनिडी कुळाला १० आणि भराभर पोहणाऱ्या बीटिडी कुळाला ४ गुण मिळत. दोन्ही मेफ्लायच. लाल अळ्यांच्या कायरोनोमिडी कुळाला २ आणि गांडुळांना १. गुणांची बेरीज भागिले कुळांची संख्या, ही सरासरी दोन जागांची तुलना करायला फार सोयीची आहे. हे गुण तिथल्या कुळांसाठी बसवलेले आहेत, तेव्हा आपल्या भागासाठी वेगळा तक्ता उपलब्ध असेल तर तोच वापरा.

कोण गायब आहे यावरून कारणाचा माग असा काढतो:

चपट्या मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय नाहीत, पण केनिडी कुळाच्या बारीक मेफ्लाय भरपूर आहेत. यांच्या कल्ल्यांवर चौकोनी झाकणं असतात, त्यामुळे त्या गाळात टिकतात. हा गाळाचा दोष. चौथ्या पायरीवर परत जा.

जाती दोन-तीनच, पण संख्या प्रचंड: लाल अळ्या, गांडुळं, जळवा. हे सांडपाण्याचं लक्षण. लाल अळ्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून जिथे इतरांचा श्वास कोंडतो तिथे त्या तगतात.

गोगलगायी आणि झिंगे नाहीत, मेफ्लाय अगदी थोड्या, स्टोनफ्लाय मात्र ठीक. पाणी आम्ल आहे, किंवा त्यात कॅल्शियम फार कमी आहे. हे नैसर्गिकही असू शकतं.

गाळ नाही, बाकी कीटक बरे आहेत, फक्त चपट्या मेफ्लाय गायब. वर खाण असेल तर धातूंचा संशय घ्या.

कीटक, झिंगे, खेकडे सगळे गेले आणि गोगलगायी व गांडुळं मजेत आहेत. हा कीटकनाशकाचा ठसा आहे. इथे पुढची पायरी नाही, थेट शेवटच्या भागाकडे जा.

सगळ्या जाती आहेत, पण प्रत्येकीची संख्या कमी. बहुधा पूर किंवा दुष्काळ. पहिली पायरी.

७. स्वस्त मीटर

तापमान उन्हाच्या दिवशी दुपारी मोजा, मोकळ्या पट्ट्याच्या वर आणि खाली. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: समुद्रसपाटीला १० अंशांवर लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम, २० अंशांवर ९.१, ३० अंशांवर ७.६.

प्राणवायू मोजायचा तर पहाटे, उजाडण्याआधी. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री ओढून घेतं. दुपारचा आकडा शेवाळाने भरलेल्या ओढ्यातही छान येतो, किंबहुना जरा जास्तच छान येतो. पहाटे ५ मिलिग्रॅमच्या खाली गेला तर नाजूक जाती टिकत नाहीत.

टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा) मीटर खरं तर पाण्याची विद्युतवाहकता मोजून तिला एका ठरावीक गुणकाने गुणतो. त्याच्या एकट्या आकड्याला मी महत्त्व देत नाही, पण मीटर हातात घेऊन वर चालत गेलात तर आकडा जिथे अचानक उडी मारतो तिथे काहीतरी मिसळतंय हे नक्की. कधी तो निरुपद्रवी झरा निघतो, कधी नळी.

सामू म्हणजे पीएच. साधारण साडेपाचच्या खाली मेफ्लाय आणि गोगलगायी झपाट्याने कमी होतात. मोजण्याआधी मीटर प्रमाण द्रावणात जुळवून घ्या, नाहीतर मोजूच नका.

८. पाल्याच्या पिशव्या

ही चाचणी वेळखाऊ आहे, पण ओढा काम करतोय का हे यातून कळतं. काठावरच्याच एका झाडाची नुकती गळलेली पानं वाळवा, ५-५ ग्रॅम वजन करून जाळीच्या पिशव्यांत भरा. निम्म्या पिशव्या साधारण १० मिलिमीटर भोकांच्या, निम्म्या अर्ध्या मिलिमीटरच्या. दोन्ही प्रकार चांगल्या आणि बिघडलेल्या जागी बांधून ठेवा. तीन-चार आठवड्यांनी काढा, धुवा, वाळवा, पुन्हा वजन करा. एक-दोन पिशव्या ओढ्यापर्यंत नेऊन तशाच परत आणा, म्हणजे हाताळण्यात किती चुरा झाला ते कळेल आणि तेवढं वजा करता येईल.

बारीक जाळीत फक्त बुरशी आणि जिवाणू काम करतात, मोठ्या जाळीत कुरतडणाऱ्या अळ्याही शिरतात. चांगल्या जागी मोठ्या भोकांतली पानं बरीच जास्त संपतात. बिघडलेल्या जागी दोन्ही सारखीच उरली तर कुरतडणारे तिथे नाहीत. दोन्ही जवळपास जशीच्या तशी राहिली तर बुरशीसुद्धा दबली आहे; अशा वेळी आम्लता किंवा धातूंकडे बघा.

इथे थांबा

पुढील गोष्टी दिसल्या तर आपली तपासणी बंद करून प्रदूषणाची जबाबदारी असलेल्या सरकारी यंत्रणेला त्याच दिवशी कळवा:

- मेलेले किंवा तडफडणारे मासे, झिंगे, खेकडे. किंवा सहाव्या पायरीतला कीटकनाशकाचा ठसा. पाण्यात उतरू नका, काही हाताळू नका. वेळ आणि जागा लिहा, फोटो काढा. विषारी लोट काही तासांत निघून जातो, त्यामुळे नमुना लवकर घेणं हीच निम्मी लढाई आहे. कीटकनाशकांसाठी काचेच्या आणि धातूंसाठी वेगळ्या बाटल्या लागतात. त्या प्रयोगशाळेकडूनच मागवा, घरच्या बाटलीतला नमुना पुढे कुणी ग्राह्य धरत नाही.
- राखाडी तंतू, सांडपाण्याचा वास, चालू नळी. अशा पाण्यात रोगजंतू असतात. हाताला जखम असेल तर पाण्याजवळही जाऊ नका.
- खाणीचं पाणी: नारिंगी कवच, फार कमी पीएच. यावर काठाची झाडं लावून उपाय होत नाही.
- लटकती मोरी बदलणं, खचणारा उंच काठ सावरणं, पात्र वळवणं. हे काम प्रवाहाचं गणित येणाऱ्या अभियंत्याचं. हौसेने टाकलेले दगड पुढच्या पुरात समोरचा काठ खातात.
- विजेचा झटका देऊन मासे पकडून मोजणं. परवाना आणि प्रशिक्षण नसताना अजिबात नाही.

एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाताना बूट आणि जाळी घासून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी ओल्या सामानावरून पसरू शकते. बिघाड शोधायला जाऊन नवा बिघाड नेण्यात अर्थ नाही.

दुरुस्ती केल्यावर किती थांबायचं

वाटेवर चर खणले म्हणजे पुढच्या महिन्यात स्टोनफ्लाय दिसतील असं नाही. आधी नवी माती यायची थांबते, मग मोठं पाणी येऊन फटींतली जुनी रेती उपसून नेतं, आणि त्यानंतर जीव परततात. बीटिडी मेफ्लाय आणि काळ्या माश्यांच्या अळ्या लवकर येतात. चपट्या मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय उशिरा; त्यातल्या बऱ्याच जणी कमजोर उडणाऱ्या असतात. वरचा भाग जिवंत असेल तर प्रवाहाबरोबर वाहत येतात, नसेल तर शेजारच्या खोऱ्यातून यायला कित्येक वर्षं लागू शकतात.

म्हणून वर्षातून एकदा, त्याच हंगामात, त्याच खळाळात, रुतलेपण, शंभर दगडांची मोजणी आणि जाळीचा नमुना एवढंच परत करा. दोन वर्षं झाली तरी बारीक रेतीचा आकडा खाली आला नसेल तर मातीची दुसरी वाट राहून गेली आहे. मध्यम पावसात छत्री घेऊन पुन्हा काठावरून वर चालत जा, आणि या वेळी लहान, एरवी कोरड्या असणाऱ्या धाराही सोडू नका.